फायदे जवसाचे, नाव तेलाचे

जवसाच्या तेलाबद्दलचा एक लांबलचक मजकूर घरच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कायम फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. जवसाचे तेल म्हणजे शाकाहाऱ्यांचे माशाचे तेल. रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे घ्या. हृदयातले ब्लॉकेज, कोलेस्टेरॉल, बद्धकोष्ठता सगळे जाते, कॅन्सरसुद्धा बरा होतो. लाकडी घाण्याचे असेल तर कधी खराब होत नाही. कडू लागले तर अस्सल समजा. फोडणीला आणि तळणालाही हेच वापरा. आणि तेल कुठलेही असो, जवसाचेच ना, मग गुण सारखेच.

जवस (काही भागांत अळशी) हे उत्तम अन्न आहे, म्हणूनच या मजकुराला उत्तर देणे गरजेचे वाटते. त्यातला शेवटचा मुद्दा सर्वांत धोक्याचा, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

«तेल कुठलेही असो, जवसाचेच ना»

जवसाचे तेल किराणा दुकानात मिळते, तसे रंगाच्या दुकानातही मिळते, आणि तिथे ते बरेचदा स्वस्त असते. 'डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल' असे लिहिलेला डबा लाकडी दारे-खिडक्या, फर्निचर आणि लांबी यांच्यासाठी असतो. दोनदा उकळून शुद्ध केलेले तेल, असा त्याचा अर्थ नाही. ते लवकर वाळावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगेनीज अशा धातूंची संयुगे घालतात. पूर्वी शिसेही घालत. हे तेल एक थेंबही पोटात जाता कामा नये. क्रिकेटच्या बॅटला लावायचे 'रॉ लिनसीड' तेल वाळवणारी संयुगे न घालता विकतात, पण खाण्याच्या निकषांवर ते काढलेले, भरलेले किंवा तपासलेले नसते. तेही खाऊ नये. चुकून कोणी यातले काही प्यायले तर उलटी करवू नये. डबा बरोबर घेऊन थेट डॉक्टरकडे जावे.

रंगाच्या तेलाचा आणखी एक धोका आहे. त्यात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खायच्या तेलाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, तेल काढल्याची किंवा भरल्याची तारीख आणि 'खाद्य' असा उल्लेख पाहावा. 'फक्त बाह्य वापरासाठी' असे लिहिलेली बाटली जडीबुटीच्या दुकानातली असली तरी खाण्याची नव्हे.

आता खाण्याच्या प्रकारांकडे. लाकडी घाण्यात दाणा हळू चिरडला जातो आणि तेल फारसे तापत नाही. एक्सपेलरमध्ये, म्हणजे यंत्राने दाणा पिळण्याच्या घाण्यात, दाब आणि घर्षण जास्त असते. तिथे वेग कमी ठेवला तरच 'कोल्ड प्रेस' म्हणण्यासारखे तेल निघते. दाणा आधी वाफवून घातला तर तेल जास्त निघते, पण तापून निघते. रिफाइंड तेलातून गंध, रंग आणि गाळ काढलेला असतो, त्याबरोबर नैसर्गिक ई जीवनसत्त्वाचा काही भागही जातो. 'लिग्नानयुक्त' (लिग्नान म्हणजे जवसाच्या सालीतले एक वनस्पतिजन्य द्रव्य) तेलात दाण्याच्या सालीचा बारीक चुरा परत मिसळलेला असतो. कॅप्सूलमध्ये साधारण १००० मिलिग्रॅम तेल असते, म्हणजे त्यातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल (जवसातले ओमेगा-३ मेदाम्ल) जेमतेम ५०० ते ५५० मिलिग्रॅम. एका छोट्या चमच्यात मिळते तेवढ्यासाठी चार-पाच कॅप्सूल गिळाव्या लागतात.

पिवळ्या (सोनेरी) जवसाचे तेल तपकिरीपेक्षा चांगले, असेही मजकुरात असते. तो रंग सालीचा आहे. तेलाची घडण ठरते ती वाणावरून. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या 'लिनोला' या वाणाचा दाणा मुद्दाम पिवळा ठेवला होता, आणि त्याच्या तेलात ओमेगा-३ जवळजवळ नाही. तेव्हा रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

«हे शाकाहारी माशाचे तेल»

जवसाच्या तेलात ५० ते ६० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. हे ओमेगा-३ आहे, हे खरे. रोजच्या वापरातल्या दुसऱ्या कुठल्याही तेलात ते इतके नसते, हेही खरे. पण तारली-बांगड्यात जे ओमेगा-३ असते ते वेगळे: ईपीए आणि डीएचए. मेंदू आणि डोळ्यातला पडदा यांना लागते ते डीएचए. शरीर जवसातल्या आम्लापासून हे दोन्ही तयार करते, पण फार थोडे. ईपीए साधारण ५ ते ८ टक्के, डीएचए बहुधा एक टक्क्याहूनही कमी. तरुण स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा काहीसे जास्त असते.

याहून महत्त्वाची गोष्ट मजकुरात कुठेच नसते. या रूपांतरासाठी जी विकरे (एन्झाइम) लागतात, तीच सूर्यफूल, करडई, सोयाबीन, मका या तेलांतल्या ओमेगा-६ साठीही लागतात. सकाळी चमचाभर जवसाचे तेल घेऊन दिवसभर सूर्यफुलाच्या तेलात रांधले, तर त्या चमच्यातले ओमेगा-३ मागच्या रांगेत जाते. रोजचे तेल भुईमुगाचे किंवा मोहरीचे ठेवले आणि एकूण तेल कमी केले, तर जवसाचा उपयोग वाढतो. मासे न खाणाऱ्याला डीएचए हवेच असेल, उदाहरणार्थ गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितले असेल, तर शैवालापासून काढलेले डीएचए मिळते आणि ते पूर्ण शाकाहारी आहे. त्याची जागा जवसाचे तेल घेत नाही.

«ब्लॉकेज, कोलेस्टेरॉल, बद्धकोष्ठता सगळ्यावर एकच तेल»

खरा घोटाळा इथे आहे. अभ्यासांत जे फायदे दिसले, त्यांतले बहुतेक दळलेल्या जवसाचे आहेत आणि मजकूर ते तेलाच्या खात्यावर मांडतो.

१०० ग्रॅम जवसात सुमारे ४२ ग्रॅम तेल, १८ ग्रॅम प्रथिने आणि २७ ग्रॅम तंतू असतात. दाण्याच्या सालीत बुळबुळीत चिकट द्रव्य असते. पाण्यात ते फुगते आणि आतड्यातला मळ मऊ करते. लिग्नानही मुख्यतः सालीतच असतात. घाण्यात दाणा पिळला की तेल बाटलीत जाते, आणि तंतू, प्रथिने, चिकट द्रव्य व जवळजवळ सगळे लिग्नान पेंडेत राहतात. ती पेंड गुरांपुढे जाते. तेलात तंतू शून्य. बद्धकोष्ठतेवर तेलाने थोडे सारक झाल्यासारखे वाटते, कारण कुठलेही तेल जास्त घेतले तर तसे होते. दाण्याच्या तंतूंचे काम ते करत नाही.

रक्तदाबाचा सर्वाधिक सांगितला जाणारा प्रयोग कॅनडात झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी एका गटाला रोज ३० ग्रॅम दळलेले जवस सहा महिने दिले. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी राहिला. हा परिणाम मोठा आहे. पण त्यात दिले होते दळलेले जवस, पाव-मफिन अशा पदार्थांत घालून. तेल नव्हे. कोलेस्टेरॉलवरच्या २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये आला. अख्खे किंवा दळलेले जवस आणि लिग्नान यांनी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थोडे उतरले. तेलाने उतरल्याचे दिसले नाही. धमनीत बसलेला थर तेल पिऊन 'उघडतो', याला कसलाही आधार नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाने या भरवशावर तपासणी लांबवली तर जीव जाऊ शकतो.

म्हणून ज्याला जवसाचा फायदा हवा आहे, त्याने आधी दाणा घ्यावा. अख्खा दाणा बहुतांशी तसाच बाहेर पडतो, म्हणून दळणे आवश्यक. मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत चार-पाच मिनिटे, दाणे तडतडू लागेपर्यंत भाजावेत. करपू देऊ नयेत. ताटात पसरून पूर्ण गार करावेत. मिक्सर पाच-सहा सेकंद फिरवून थांबवावा, परत फिरवावा. सलग फिरवला तर भांडे तापते, तेल सुटते आणि पूड गोळा होते. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी. सपाट एक मोठा चमचा पूड म्हणजे साधारण ७ ग्रॅम, आणि त्यात सुमारे १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल. एका प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज तेवढीच मानली जाते, स्त्रीची १.१ ग्रॅम. विदर्भात जवसाची चटणी घरोघर होते. लसूण, सुके खोबरे, लाल तिखट, जिरे, मीठ घालून केलेली ही चटणी भाकरीबरोबर एक-दोन चमचे खाल्ली, की बाटली विकत न घेताही हिशेब पुरा होतो. मात्र पूड खाल्ल्यावर भरपूर पाणी प्यावे. पाण्याविना तंतू उलट अडतात.

भाजल्याने ओमेगा-३ मरते, हा आक्षेप लगेच येतो. दाण्यात आणि पुडीत ते बरेच टिकते. १७८ अंश तापमानाच्या भट्टीत तासाहून जास्त ठेवलेल्या दळलेल्या जवसातही अल्फा-लिनोलेनिक आम्लात लक्षणीय घट आढळली नाही. दाण्यात तेलाभोवती प्रथिने, तंतू आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये असतात. बाटलीतल्या तेलाभोवती ती नसतात.

«कॅन्सर बरा होतो»

हा दावा १९५० च्या दशकातल्या जर्मन संशोधिका योहाना बुडविग यांच्या आहारपद्धतीवरून आला. जवसाचे तेल आणि दह्यासारखा मऊ चीज एकत्र घुसळून खायचे, अशी ती पद्धत. आपल्याकडच्या मजकुरात चीजच्या जागी पनीर येते. या आहाराने कॅन्सर बरा होतो हे दाखवणारी एकही नियंत्रित वैद्यकीय चाचणी नाही. त्यांना 'सात वेळा नोबेलचे नामांकन' मिळाल्याचे सोबत सांगितले जाते. नोबेलची नामांकने ५० वर्षे गुप्त ठेवली जातात, आणि नामांकन मिळणे म्हणजे दावा सिद्ध होणे नव्हे. उपचार चालू असताना चमचाभर तेल जेवणात घ्यायचे असेल तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारावे. उपचाराच्या जागी ते घेणे म्हणजे ज्या अवस्थेत गाठ काढता येत होती ती अवस्था हातची घालवणे.

«घाण्याचे तेल खराब होत नाही, कडू म्हणजे अस्सल»

खाद्यतेलांत सर्वांत लवकर खवट होणाऱ्यांत जवसाचे तेल येते, आणि घाण्याचेही त्याला अपवाद नाही. कारण त्याच्या मुख्य गुणातच आहे. अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन या बंधांशेजारीच हल्ला करतो. ऑलिव्ह किंवा भुईमूग तेलातल्या ओलिक आम्लात असा बंध एकच. ओलिकच्या तुलनेत हे आम्ल सुमारे २० ते २५ पट वेगाने ऑक्सिडाइझ होते. प्रयोगशाळेत दुहेरी बंधांचे मोजमाप आयोडीन अंकाने करतात. आपल्या अन्न नियमांत भुईमूग तेलाचा आयोडीन अंक ८५ ते ९९ असावा लागतो. जवसाच्या तेलाचा किमान १७०. हा अंक जितका मोठा तितके तेल हवेत लवकर सुकते, आणि म्हणूनच ते शतकानुशतके रंगात वापरले गेले.

घाण्याच्या तेलात नैसर्गिक ई जीवनसत्त्व टिकून असते, हा त्याचा खरा गुण. पण त्यात हरितद्रव्याचा अंश, थोडा ओलावा, गाळ आणि मुक्त मेदाम्लेही असतात, आणि ही सगळी तेल बिघडवायला मदत करतात. दुकानाच्या काउंटरवर उन्हात ठेवलेली पारदर्शक बाटली घाण्याची असो की कुठलीही, घेऊ नये.

कडूपणाचे कारण संशोधकांनी शोधले आहे. ताज्या तेलात एक चक्राकार पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) असते. हवा लागून त्यातले मेथिओनिन हे अमिनो आम्ल ऑक्सिडाइझ झाले की ते कडू लागते. म्हणजे कडूपणा हे अस्सलपणाचे नव्हे, जुने होत चालल्याचे चिन्ह आहे. ताज्या तेलाला ओल्या गवताचा आणि सुक्यामेव्याचा हलका वास येतो. नव्या रंगाचा, लांबीचा किंवा शिळ्या मासळीचा वास आला तर ते तेल जेवणात वापरू नये.

स्वतः दाणे देऊन तेल काढून घेणे हा चांगला मार्ग आहे, पण नीट करावा. दाणे निवडून, चाळून, फुटके आणि तणाचे बी काढून कोरडे असावेत. घाण्यात आधी भुईमूग किंवा करडई चालली असेल तर पहिला थोडा भाग वेगळा काढायला सांगावा, नाहीतर दुसऱ्याचे तेल आपल्यात येते. एक किलो दाण्यापासून घाण्यात साधारण ३०० ग्रॅम तेल निघते, म्हणजे एक लिटरला तीन किलोच्या आसपास दाणे लागतात. बाजारातले तेल या हिशेबाने दाण्याच्या किमतीतही बसत नसेल, तर त्यात दुसरे तेल मिसळलेले असण्याची शंका घ्यावी.

तेल स्टीलच्या भांड्यात घ्यावे. तांबे, पितळ, लोखंड टाळावे, कारण तांब्या-लोखंडाचा अंशही ऑक्सिडीकरण झपाट्याने वाढवतो. झाकून अंधारात दोन दिवस निवळू द्यावे, गाळ हलू न देता वरचे तेल १०० किंवा २०० मिलिलिटरच्या गडद काचेच्या कोरड्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावे. अर्धी रिकामी मोठी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवावे, उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांत संपवावी. फ्रीजमध्ये शुद्ध जवसाचे तेल गोठत नाही. थोडा मेणाचा धूसरपणा येऊ शकतो. घट्ट साय धरली तर पामसारखे तेल मिसळलेले आहे. उलटे मात्र म्हणता येत नाही: न गोठणारे तेल शुद्धच असेल असे नाही, कारण सोयाबीन मिसळले तरी ते पातळच राहते.

«फोडणीला, तळणाला हेच»

गाळलेले, रिफाइन न केलेले जवसाचे तेल १०७ अंशांच्या आसपासच धूर सोडू लागते. मोहरी तडतडण्यासाठी तेल त्याहून बरेच तापवावे लागते. तापल्यावर त्यातली मेदाम्ले तुटून अॅक्रोलीनसारखी तिखट, डोळ्यांना झोंबणारी अल्डिहाइड संयुगे तयार होतात, आणि उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन दाट होतात. कढईच्या काठावर बसणारा चिकट पिवळा थर म्हणजे दुसरे काही नसून वॉर्निशच.

रिफाइंड जवस तेल वापरले तर चालेल का? ते उशिरा धुरते, कारण मुक्त मेदाम्ले आणि अशुद्धी निघून गेलेल्या असतात. पण धूर उशिरा येणे आणि तेल टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन दुहेरी बंध तिथेही तेवढेच आहेत, आणि धूर दिसण्याआधीच ते बिघडू लागतात.

यावर विदर्भातले लोक रास्त आक्षेप घेतात. पूर्व विदर्भात उभ्या धानात उतेरा पद्धतीने जवस पेरतात, नागपूरच्या सावजी रश्श्यात जवसाचे तेल परंपरेने आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते खाल्ले. हे खरे आहे आणि त्या चवीला तोड नाही. चवीसाठी अधूनमधून असा रस्सा खाण्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण ज्या ओमेगा-३ साठी मजकूर हे तेल कढईत ओतायला सांगतो, ते कढईत टिकत नाही, आणि तेच तेल दोन-तीनदा तळणाला वापरणे नक्कीच वाईट. चव आणि गुण दोन्ही हवे असतील तर रस्सा दुसऱ्या तेलात करून जवसाचे तेल गॅस बंद केल्यावर वरून घालावे. ठेचा, झुणका, वरण-भात, कोशिंबीर यांवर ते कच्चेच घ्यावे.

स्वयंपाकाला चालेल असे जवस तेलही आता आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'टीएल-९९' या वाणाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल पाच टक्क्यांहून कमी आहे, म्हणून ते तापवायला आणि साठवायला सोपे. शेतकऱ्यासाठी हे चांगले काम आहे. पण ओमेगा-३ साठी कोणी हे तेल विकत घेत असेल, तर त्याला हवे ते या तेलात नाही. जवसाच्या तेलात टिकाऊपणा आणि ओमेगा-३ एकाच वेळी भरपूर मिळत नाहीत.

«अनशापोटी दोन मोठे चमचे»

दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २७ ग्रॅम निव्वळ मेद आणि २४० कॅलरी. त्यात १४ ग्रॅमहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल जाते, पुरुषाच्या रोजच्या गरजेच्या सुमारे नऊ पट. याने नऊ पट फायदा होत नाही. वजन मात्र वाढते आणि अनेकांना मळमळ किंवा जुलाब होतात. रिकाम्या पोटाचाही काही विशेष गुण नाही. मेद पचायला पित्त लागते आणि ते जेवणाबरोबर नीट स्रवते. ५ मिलिलिटरचा एक छोटा चमचा जेवणात घेतला की सुमारे २.४ ग्रॅम मिळते. तेवढे पुरे, आणि तेवढे तेल रोजच्या एकूण तेलातून वजा करावे.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेल्यांनी हे तेल किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल तर घेत असल्याचे आधी सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दळलेले जवस रोज सुरू केल्यावर काही आठवडे रक्तदाब मोजत राहावा. जवसातल्या तंतूंमुळे औषध शोषले जायला वेळ लागू शकतो, म्हणून गोळी आणि जवसाची पूड यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गरोदर स्त्रियांनी जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जेवणातल्या चमचाभर चटणीची गोष्ट वेगळी.